उत्तर रांगेत आहे

बायको आतल्या खोलीत ऑनलाइन मुलाखत देत होती आणि नवरा दाराआड कानात प्राण आणून उभा होता. पद तक्रार विभागाच्या प्रमुखाचं. बऱ्याच नकारांनंतर आलेली संधी. अडचण एकच, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं बायकोच्या रक्तात नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "ग्राहक चिडून अंगावर..."

"आला तर आधी बसवायचं."

संपलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

पण दाराच्या फटीतून दिसणाऱ्या स्क्रीनवरच्या बाई बोलतच राहिल्या. वाक्य पुरं केलं, चष्मा सारखा केला, वाट बघू लागल्या.

(उत्तर रांगेत आहे.)

नवरा नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे कार्डाला कामाला लावणारे प्रोग्राम. बाहेर जाणारी माहिती तिथे रांगेत थांबते, रांग भरली की मागून आलेली टाकून दिली जाते. हे टाकणं त्याला बघवत नसे. म्हणून काल त्याने रांगेची डिफॉल्ट लांबी अख्खं गाव मावेल एवढी केली, आणि तो ड्रायव्हर घरच्याच राउटरवर चढवला. आज सकाळी सवयीने ऑफिसला एक अवजड फाइल पाठवायला लावली.

"आधी बसवायचं."

बायकोचं उत्तर आत्ता पलीकडे पोचलं. बाई समाधानाने मागे टेकल्या.

नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. बायकोचा एकही शब्द हरवला नव्हता. सगळे त्याच्या फाइलच्या मागे शिस्तीत उभे होते. फाइल थांबवायला तो धावला, बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "किती विचार करून बोलता हो तुम्ही."

बोट तिथेच राहिलं.

पुढे बायकोने प्रत्येक प्रश्न मध्येच तोडला आणि प्रत्येक प्रश्न पुरा झाला. लग्नानंतर असं दृश्य नवरा प्रथमच बघत होता. देवळात उभं राहावं तसा तो राउटरसमोर उभा राहिला.

बायको बाहेर आली ती रडवेली होऊन. "नुसत्या टकामका बघत होत्या रे. गेली नोकरी."

तो सांगणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. त्याच बाई. तिने स्पीकर लावला. साधा फोन, मध्ये कसली रांग नाही.

"ऐकून घेणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं," बाई म्हणाल्या. "तेव्हा एक तारखेपासून तुम्ही..."

बायकोने तोंड उघडलं.

नवऱ्याने हात वर केला.

तिचे गाल फुगले, डोळे विस्फारले, पण शब्द आतच थांबला. बाई बोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने नवऱ्याने हात खाली घेतला.

"येते," ती म्हणाली.