शिशाची विल्हेवाट

समुद्राकाठच्या त्या ग्रीक गावात पूर्वी शिशाची खाण होती. खाण बंद पडली, मालक गेले, शिसं मात्र मातीत राहिलं. स्तामातिसच्या जमिनीच्या तुकड्यातही ते निघालं आणि तिथे काहीही पिकवायला मनाई झाली. मनाईचं पत्र त्याची बायको आर्गिरो वारल्यावर नवव्या दिवशी आलं. पत्र तिच्या नावे होतं आणि उत्तर तिनेच समक्ष येऊन द्यायचं होतं.

त्या खारट मातीत आर्गिरो छोटे, गोड टोमॅटो पिकवायची. तिने धरलेलं बी बरणीत होतं. बी चार वर्षं टिकतं, असं ती सांगायची. स्तामातिसला ते त्याच मातीत पेरायचं होतं. दुसरं काही नको होतं.

"काका, काळजी सोडा," प्रदूषण कार्यालयाचे क्लेआंथिस साहेब म्हणाले. "तिथे आम्ही अल्मिरा लावतोय."

अल्मिरा ही खाजणात आपोआप उगवणारी, चवीला खारट भाजी. गावात ती उकडून, तेल-लिंबू घालून खातात.

"ती मिठाला दाद देत नाही आणि मातीतलं शिसं ओढून घेते. माती साफ."

"मग त्या भाजीचं काय?"

"तो पुढचा टप्पा आहे."

भाजी जोरात वाढली. कापायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की शिसं भरलेली भाजी हा घातक कचरा आहे, आणि तो घ्यायचा परवाना देशात कुणाकडेच नाही. अशा वेळी कचरा जिथे तयार झाला तिथेच ठेवावा, असा नियम होता. म्हणून तो शेतातच उभा राहिला. थंडीत वाळला, गळला, कुजला. शिसं होतं तिथे परत गेलं. वसंतात नवे कोंब आले. साहेबांनी अहवालात लिहिलं: वनस्पतीची कार्यक्षमता दुसऱ्यांदा सिद्ध.

तिसऱ्यांदा सिद्ध झाली तेव्हा स्तामातिस कार्यालयात गेला. "साहेब, बी मरतंय."

"काका, बियाण्याचा प्रकल्पात उल्लेख नाही."

चौथ्या वर्षी राजधानीतून समिती आली. पाद्रीबाबांनी तुळशीच्या जुडीने पाणी शिंपडलं. फीत कापली, भाजी कापली, अकरा किलोचा नमुना टेबलावर ठेवला. तिथून समितीचा स्वयंपाक करणारी मारिगो चालली होती. खुडलेली भाजी सुकू देणं तिच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं. तासाभरात नमुना उकडून, तेल-लिंबू लावून समितीपुढे आला. अध्यक्षांनी दोनदा घेतला.

"मारिगो, टेबलावरचा नमुना कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ती भाजी होय? अध्यक्षांच्या पोटात. का, लिंबू कमी पडलं?"

अकरा किलो कुठे गेले, हे कागदावर दाखवणं भाग होतं. तीन दिवस विचार करून साहेबांनी लिहिलं: जैविक मार्गाने अंतिम विल्हेवाट. राजधानीतून अभिनंदनाचं पत्र आलं. घातक कचरा मुदतीत संपल्याची देशातली ही पहिलीच नोंद होती. उरलेल्या पिकालाही हीच पद्धत लावावी, असा आदेश होता.

"एवढं कोण खाईल?" स्तामातिसने विचारलं.

"खायचं कशाला, काका? वरून भुरभुरायचं."

सगळी भाजी वाळवून तिची पूड केली, छोट्या बाटल्यांत भरली. 'हिरवं मीठ. रक्तदाबाच्या काळजीपोटी. खनिजांनी समृद्ध.' लेबलावरचा एकही शब्द खोटा नाही, असं विधी विभागाने तपासून कळवलं. दूरदूरच्या शहरांतल्या, तब्येतीला जपणाऱ्या लोकांनी ते रांगा लावून नेलं.

पुढच्या वसंतात माती तपासली. शिसं नव्हतं. स्तामातिसने बरणी उघडली आणि सगळं बी पेरलं. तो रोज पहाटे गुडघे टेकून बघायचा. अठराव्या दिवशी सात रोपं दिसली. बराच वेळ तो तिथून उठला नाही.

ज्यांच्यामुळे हे झालं, त्यांचे त्याला आभार मानायचे आहेत. तुमच्या जेवणाच्या टेबलावर ती हिरवी बाटली असेल, तर पत्ता कळवा. टोमॅटो लागले की तो पाठवणार आहे. मीठ लावून खा म्हणतोय. मीठ तुमच्याकडे आहेच.