आलूबुखारचे पाच पेले

"हे बघा, एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि 'जमली नाही' म्हणायचं. एवढंच काम आहे तुमचं," चवकाकांच्या बायकोने आपल्या भावाच्या जिन्यातच बजावलं. "आणि कारखान्यात थुंकता तसं तिथे थुंकू नका. गालिचा नवीन आहे."

चवकाका सरबताच्या कारखान्यात चव तपासायचे. सव्वीस वर्षं नाना फळांची सरबतं त्यांच्या जिभेवरून गेली होती, पण थेंबभरही घशाखाली उतरलं नव्हतं. आजचं प्रकरण मात्र नाजूक होतं. मेहुण्याने घरच्या घरी आलूबुखारची बिअर केली होती, आणि भावजींनी ती पास केली की शाळेतली कारकुनी सोडून तो बिअरचा कारखाना काढणार होता. दोन लहान मुलं पदरात, आणि राजीनामा लिहून टेबलावर तयार! बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मेहुण्याने बाटली उघडली. जांभळा फेस थेट छताला लागला.

"जरा कडक आहे, भावजी. अकरा टक्के."

"आकडे सांगू नकोस रे. आकड्यांना चव नसते."

बायको भावजयीला धीर द्यायला स्वयंपाकघरात गेली. काकांनी पहिला घोट घेतला, कबूल केल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं आणि तिथेच घोळ झाला. एका घोटावर निकाल देणं म्हणजे त्यांच्या धंद्यात पाप. रंग, वास, आंबटपणा, गोडी आणि मागे रेंगाळणारी चव, प्रत्येकासाठी नवा पेला, असा त्यांचा शिरस्ता. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. पण गालिचा नवीन होता. बिचाऱ्यांनी पाचही पेले इमानेइतबारे गिळले.

दुसऱ्या पेल्याला ते "वास प्रामाणिक आहे" म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी बाटलीची पाठ थोपटली. पाचव्याला त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"म्हणजे... जमलीय?" मेहुण्याने घाबरत विचारलं.

"जमलीय? अरे, सव्वीस वर्षं मी नुसता थुंकत बसलो! एवढं चांगलं चांगलं सगळं थुंकून टाकलं रे मी!" काकांना हुंदका आवरेना. "आजपासून आपण भागीदार. मी इथेच राहायला येतो."

"राहायला?"

"या गालिच्यावर. चव घ्यायला चोवीस तास माणूस नको?" असं म्हणून काका गालिच्यावर आडवे झाले आणि जागा पुरते का ते लोळून पाहू लागले.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत स्वयंपाकघरात गेला. "ताई, तुझी शपथ, नोकरी सोडत नाही मी! पण भावजींना घरी ने!"

बायकोचा आनंद गगनात मावेना. ती बाहेर आली तेव्हा काका टेबलाला टेकून बसले होते आणि हातातला फोन खाली ठेवत होते.

"कमाल केलीत हो! माझ्या भावाची नोकरी वाचवलीत!"

"त्याने सोडली नाही?" काका चकित झाले. "मग ते पत्र वायाच गेलं असतं की! बरं झालं, मी वापरलं."

"कुठलं पत्र?"

"राजीनाम्याचं. किती सुंदर लिहिलंय गं! आमच्या साहेबांना फोनवर अख्खं वाचून दाखवलं. 'या चिमुकल्यांना सोडून जाताना ऊर भरून येतो,' तिथे तर साहेबसुद्धा रडले."

बायको मटकन खाली बसली. "आणि?"

"आणि काय? रडत रडत मंजूर केला."