शनिवारची खुकरी

आमच्या शेजारचे अण्णा शनिवारच्या बाजाराला निघाले की त्यांच्या पिशवीत एक बटाटा, थोडी काथ्याची दोरी, बांबूची एक कामटी आणि नारळाची शेंडी असे. संध्याकाळी परत येत तेव्हाही पिशवीत तेच सामान असे. फक्त बटाट्याच्या फोडी झालेल्या असत. माणसं बाजारातून काहीतरी आणतात. अण्णा बटाटा नेत आणि बटाटाच परत आणत.

हा सगळा खटाटोप एका लहानशा नेपाळी खुकरीसाठी चालला होता.

अण्णांना जाऊन अजून महिना व्हायचा आहे. पिकल्या वयात गेले, झोपेत गेले; तक्रारीला जागा नाही. तरी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की माझा हात थांबतो. म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

त्या वर्षांत बेळगावात दिवाळीनंतर थंडी पडली की उंदीरही पडू लागत. एका घरात उंदीर मेलेला सापडला की सगळी गल्ली हादरायची. भांडीकुंडी गाडीत घालून लोक काकतीच्या वाटेवरच्या माळावर झोपड्या बांधून राहायला जात. पलटणींचा कॅम्प वेगळा. हा आमचा प्लेगचा कॅम्प. साथ ओसरेपर्यंत तिथंच स्वयंपाक, तिथंच भांडणं, तिथंच मुंजीची बोलणी. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. साथीत शाळा बंद, त्यामुळं मला फुरसतच फुरसत होती आणि काळजी करायला भरपूर वेळ.

अण्णा कोर्टात नकला उतरवायचं काम करीत. नक्कल झाली की मूळ कागदाशी अक्षर अक्षर ताडून पाहायची, आणि मग पुन्हा एकदा. ही सवय कोर्टातून त्यांच्याबरोबर घरी यायची. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून बघत. दूधवाल्याला, "म्हशीनंच दिलंय न्हवं?" असं विचारत. "घाई न्हाय, पण उशीर नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्या अर्ध्यावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांची बायको साथीच्या पहिल्या सालातच गेलेली. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

आदल्या वर्षी माळावर पहाऱ्याला एक नेपाळी पेन्शनर होता. त्यानं एकाच आखूड खुकरीनं काटक्या फोडल्या, खुंट्या तासल्या, दोर कापला, आणि तीच धुऊन कांदाही चिरला. अण्णा दिवसभर त्याच्याजवळ बसून होते. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला की यंदा माळावर जायचं ते स्वतःची खुकरी घेऊनच.

"अण्णा, तुमच्या घरात कोयता हाय की चांगला," आई म्हणाली.

"वैनी, कोयता भरल्या घरात शोभतो. एकट्याच्या झोपडीत ठेवला तर वाटतं, घर त्याचंच, आपण पाव्हणे."

बाजारात एक नेपाळी फेरीवाला गोधडीवर खुकऱ्या मांडून बसे. अण्णा त्याच्यापुढं उकिडवे बसत आणि नक्कल ताडल्यासारखी एकेक खुकरी ताडत. मुठीतून पात्याचं शेपूट आरपार गेलंय की नुसतं लाखेनं डकवलंय? वजन पुढं झुकतंय की मागं? मुठीजवळची ती खाच कशाला? म्यानात खोचलेल्या दोन चिमुकल्या सुऱ्यांपैकी धार लावायची कुठली? मग बटाटा निघे. मग दोरी. शेंडीपर्यंत आले की मागं माणसं जमलेली असत.

"बाबू," फेरीवाला एकदा हात जोडून म्हणाला, "खरीदना है कि शादी करना है?"

"शादीला एवढं बघितलं नव्हतं रं," अण्णा मराठीतच म्हणाले, आणि पुढची खुकरी उचलली.

पण खरी अडचण निराळीच होती. फेरीवाला बेळगावात फक्त शनिवारी बसे. बाकीचे दिवस तो निपाणीकडचे बाजार करी. आणि शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, हे अण्णांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. म्हणजे बघायचं शनिवारी, आणि घ्यायचं कधीच नाही.

अशात कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात पोत्यामागं उंदीर पडला.

दोन दिवसांत गल्ली रिकामी होऊ लागली. आमची आणि अण्णांची झोपडी शेजारी शेजारी, जांबोटीकडच्या बांबूंनी बांधून तयार होती. गाडी दोघांत एकच ठरवलेली. अण्णांचं पाऊल मात्र निघेना.

"पुढच्या शनिवारपर्यंत बघू. घाई न्हाय, पण..."

"उशीर झालाय!" आई ओरडली. तिला मी कधी परक्या पुरुषावर ओरडताना पाहिलं नव्हतं. "पलीकडच्या आळीत काल पोरगं गेलं. तुम्हांस्नी एकट्याला मागं टाकून आम्ही जावं म्हणता?"

"जावा की. मी येतो मागनं."

"जाणार न्हाय."

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. छपरात खुडबुड झाली की भीती वाटे. खुडबुड थांबली की जास्त भीती वाटे. आई रोज माझ्या काखेत हात घालून गाठ आहे का बघे. आणि भिंतीपलीकडं अण्णा दोरीचे तुकडे मोजून पिशवीत भरत होते.

शुक्रवारी दिवेलागणीला आईनं त्यांना ओट्यावर बोलावलं.

"अण्णा, शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात ते कशासाठी?"

"घरात आणू नये म्हणून."

"मग माळावर घर कुठं हाय? गवत आन् बांबू. उद्या गाडी भरायची, बाजारावरनं न्यायची, खुकरी घ्यायची आन् तशीच माळावर. तुमच्या उंबऱ्याला ती शिवणारसुद्धा न्हाय."

 कोर्टातल्या माणसाला मुद्दा बिनतोड असला की कळतो. "एवढं आमच्या वकिलांना सुचत न्हाय, वैनी," अण्णा म्हणाले, आणि कुलूप शोधायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी बाजारात थांबली. अण्णा पिशवी घेऊन उतरले. पुन्हा बटाटा निघाला. बैल माना झटकत होते, आई ट्रंकेवर बसून देवाचं नाव घेत होती. शेवटी अण्णांनी एक उचलली. फेरीवाल्यानं कपाळाला हात लावला. पहिल्याच शनिवारी बघून नापसंत केलेली तीच होती ती.

"मग इतके दिवस काय बघत होता?" मी चिडून विचारलं.

"हीच बरी हाय का ते," अण्णा म्हणाले.

माळावर मात्र अण्णांनी आम्हांला चकित केलं. सकाळी उजाडलं की खुकरी कमरेला लावून ते झोपडी-झोपडीच्या दाराशी उभे राहत. "काय कापायचंय का?" कोणाची काटकी फोडत, कोणाची दोरी तोडत, कोणाच्या पोराला विटी तासून देत. कामाकडं त्यांचं फारसं लक्ष नसे. डोळे झोपडीच्या आत असत. कोण उठलंय, कोण अजून पांघरूण घेऊन पडलंय, हे ते बघून घेत आणि पुढं जात. हे आईच्या ध्यानात आलं तेव्हापासून आमच्याकडं रोज चार काटक्या न फोडता राहू लागल्या.

एके दिवशी सकाळी ते आले नाहीत. वाट बघून आई निघाली, तिच्यामागं मी. त्यांच्या झोपडीचं दार आतून दोरीनं बांधलेलं होतं.

"वैनी, तिथंच थांबा." आतून आवाज आला. "अंगात ताप हाय. मास्तरला मागं घ्या."

आईनं विचारलं, "गाठ हाय का?"

"बघितलं न्हाय."

"अहो, काखेत हात घालून बघा की!"

"धीर हुईना."

सगळं दोनदा बघणारा माणूस एकदाही बघायला तयार नव्हता. मी डॉक्टरांना आणायला धावणार, तर त्या बाजूची एक बाई आधीच धावली होती. दुपारी डॉक्टर आले आणि तो साधा हिवताप निघाला. पण सकाळी हे कोणाला ठाऊक होतं?

आईनं दारापासून जरा लांबचा एक दगड पाहिला आणि ती त्यावर बसली.

"जावा घरी, वैनी. पोरगा हाय तुम्हाला."

"बसते मी हितं. तुमचं काय जातंय?"

मग ती बोलू लागली. मिठाचा भाव, कुठल्याशा झोपडीतलं भांडण, शेळीनं खाल्लेलं लुगडं. आतून उत्तर येईना. तरी ती बोलतच राहिली. मी तिच्या मागं उभा होतो.

बऱ्याच वेळानं दाराच्या फटीतून अण्णांचा आवाज आला, अगदी बारीक.

"वैनी, एवढ्या लांब नका बसू. नीट ऐकू येत न्हाय."