शेवग्याचा पाला आणि वाघाची समिती

एका जंगलात वाघ राजा होता, हे तुम्हाला सांगायला नको मुलांनो. सगळ्याच जंगलांत असतो. या जंगलात त्याशिवाय एक समितीही होती.

समिती नेमली गेली त्याचं असं झालं. धुरपाबाई नावाच्या सशिणीची तीन पिल्लं साथीच्या तापातून उठली ती पार काटकुळी होऊन. उडी मारायला गेली की गुडघे टेकायची. अस्वल वैद्यानं नाडी पाहिली आणि सांगितलं, शेवग्याचा पाला रोज मूठभर द्या, दुसरं काही नको.

धुरपाबाईच्या बिळामागंच शेवग्याची दोन रोपं होती. तिनंच फांद्या खोचून लावलेली. बुंध्याशी लेंड्या टाकायच्या आणि रोप गुडघाभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे झाड वर न पळता फुटवे धरतं आणि पाला तोंडाशी येतो. एवढी शेती तिला आईनं शिकवली होती. तिला वाटलं, पंधरा दिवसांत पिल्लांना पाला मिळेल. बिचारी अडाणी होती.

कोल्हा शिकलेला होता. शिवाराच्या बांधावरून त्यानं युरियाची गोणी पळवून आणली होती आणि तिच्यावरची सगळी अक्षरं त्याला वाचता येत होती. त्यानं राजाला पटवलं, की शेवग्याला लेंडीखत चांगलं की युरिया, आणि कशानं पाल्यात जास्त सत्त्व उतरतं, हे ठरल्याशिवाय पाला खाणं धोक्याचं आहे. राजानं तिथल्या तिथं समिती नेमली. स्वतः वाघ, तळ्यातली मगर आणि एक गिधाड. कोल्हा चिटणीस. प्रश्न पाल्याचा होता, म्हणून पाला खाणारा कुणी घेतला नाही. उगाच पक्षपात नको.

एका झाडाला लेंड्या घातल्या, दुसऱ्याला युरिया. भोवती काटेरी कुंपण घातलं. उंची मोजायची होती, म्हणून शेंडा खुडायला बंदी. पाला तपासायचा होता, म्हणून पान तोडायला बंदी.

धुरपाबाई कुंपणापाशी आली.

"कोल्हेभाऊ, खत कंचंबी घाला, माझं काय म्हननं न्हाई. पर शेंडा खुडा. झाड उंच गेल्यावर माझ्या लेकरांनी काय आभाळाकडं बघत बसायचं?"

"बाई, तुमच्या लेकरांसाठीच तर चाललंय सगळं," कोल्हा म्हणाला.

झाडं वाढली. युरियाचं झाड हां हां म्हणता ताडमाड झालं, पोचट खोडाचं आणि फिकट पाल्याचं. लेंडीखताचं सावकाश वाढलं, जाड बुंध्याचं आणि हिरवंगार. सशाच्या तोंडापासून मात्र दोन्ही सारखीच लांब. जंगलात तट पडले. लेंडीवाले युरियावाल्यांना विषारी म्हणू लागले, युरियावाले त्यांना बुरसटलेले. भर सभेत माकडांची हाणामारी झाली. या तीन महिन्यांत पिल्लांची विचारपूस फक्त अस्वलानं केली, आणि ते समितीत नव्हतं.

धाकटं पिल्लू उठून बसेनासं झालं, तेव्हा धुरपाबाई कुंपणाखालून आत शिरली. युरियाच्या झाडाचं खोड मऊ होतं. तिनं ते दातांनी कुरतडलं, सकाळपासून दुपारपर्यंत. हिरड्या रक्ताळल्या. झाड आडवं झालं. पिल्लांनी ओला पाला खाल्ला, उरलेला तिनं सावलीत वाळवून पुरवला. महिन्याभरात तिघंही गुबगुबीत झाली. मला फार आनंद झाला मुलांनो. गोष्ट इथंच थांबवावी असं वाटतं. पण समितीचं काम राहिलं होतं.

समिती मोजमापाला आली. युरियाच्या झाडाच्या जागी नुसता खुंट होता. कोल्ह्यानं तो इमानेइतबारे मोजला आणि लिहिलं, युरियानं शेवग्याची उंची चार बोटं होते. लेंडीखत जिंकलं. माकडांनी गुलाल उधळला. राहिलं पाल्यातलं सत्त्व. गिधाडानं एक पान चोचीत धरून टाकून दिलं. मगरीनं ते चावून पाहिलं, तर दातांत अडकलं.

मग वाघाची नजर कुंपणाबाहेर उड्या मारणाऱ्या तीन पिल्लांकडे गेली.

"आम्ही पाला खात नाही," तो शांतपणे म्हणाला. "पाला खाल्लेलं खातो."

धुरपाबाई पिल्लांसमोर आडवी झाली. "महाराज, मला न्या. म्याबी खाल्लाय पाला."

ती खोटं बोलत होती. तिनं एक पानही तोंडात घातलं नव्हतं, आणि कोल्ह्याला ते तिच्या बरगड्यांवरून कळलं. नमुना अचूक हवा, असं त्यानं राजाच्या कानात सांगितलं.

वाघ न्यायी होता. त्यानं तिघांपैकी एकच नेलं. धुरपाबाईचा आवाज मग दोन दिवस तळ्यापर्यंत ऐकू येत होता. अहवालात याबद्दल एक ओळ आहे: पाल्यातलं सत्त्व उत्तम.

तात्पर्य : शेवग्याला खत कुठलंही घाला, पाल्यातलं सत्त्व शेवटी समितीच्याच अंगी लागतं. म्हणून मुलांनो, आई ताटात शेवग्याची भाजी वाढेल तेव्हा खुशाल नाक मुरडा. हडकुळ्या पोरांची वाघ चौकशी करत नाही.