वरच्या रांगेतली बटणं

परशुराम वेलणकरांच्या बायकोने वर्तमानपत्राचं कात्रण त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, "या मंदाकिनीबाईंच्या ऑफिसात तुम्ही नेमकं काय करता?"

बातमीचा मथळा होता, 'मंदाकिनीबाईंचा बोलका संगणक'. वेलणकरांनी ताट बाजूला सारलं. ठाण्याला कोपरीत अंधांसाठी एक वाचनालय होतं. तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरला मराठी बोलायला शिकवण्यासाठी ते सहा महिने डोंबिवलीहून येऊन डोळे फोडत होते. मंदाकिनी कारखानीस माइकसमोर बसून फक्त वाक्यं आणि पुस्तकांची पानं वाचायच्या. वरच्या रांगेतलं बटण दाबलं, की त्या बटणाचं काम काय ते बाईंच्या गोड आवाजात ऐकू यायचं. बातमीत बाईंच्या आवाजाचं कौतुक होतं, बाईंचा फोटो होता. वेलणकर कुठेच नव्हते. इतका जळफळाट त्यांचा स्वतःच्या भावाने फ्लॅट घेतला तेव्हाही झाला नव्हता.

त्यांनीच कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती. कोपऱ्यातलं बटण दाबायचं, मग हवं ते बटण दाबून माइकमध्ये बोलायचं, की जुना आवाज जाऊन त्या बटणावर नवा बसायचा. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी त्यांनी पहिल्या बटणावर स्वतःचा आवाज बसवला. "नमस्कार. हा प्रोग्रॅम श्री. परशुराम वेलणकर यांनी एकट्याने तयार केला आहे."

बाईंनी ते ऐकलं. वेलणकर जेवायला गेल्यावर त्यांनी दुसरं बटण घेतलं. "वाचन सुरू. हा आवाज मंदाकिनी कारखानीस यांचा. आधीचा आवाज कोणाचा ते विचारू नये, घरात लहान मुलं असतात."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. टेबल एकच, खुर्च्याही शेजारी, पण जे काय सांगायचं ते बटणावर. तिसऱ्यावर वेलणकर म्हणाले, "माइकवर पावडर सांडते, तोंड पुसून बसावं." चौथ्यावर बाई म्हणाल्या, "डब्याच्या कपाटात वायरी कोंबणाऱ्याने उद्या आपला डबा मॉनिटरमध्ये ठेवावा." अशी रांग पुढे सरकत गेली. हे सगळं पुसायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. मूळ आवाज फ्लॉपीवर होता, काम अर्ध्या तासाचं. पण जो आधी पुसेल तो हरला, असं दोघांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पुसणं मात्र भाग होतं, कारण शनिवारी दामाजीशेठ येणार होते. माजिवड्याची जमीन विकल्यापासून शेठना दानधर्माची आवड लागली होती. वाचनालयाची खोली त्यांचीच. मशीन नीट चाललं तर खोली राहणार होती, नाहीतर तिथे त्यांच्या सुनेचं ब्युटी पार्लर उघडणार होतं.

मंगळवारी शेठचा फोन आला, तो बाईंनी घेतला. सुनेने पार्लरचा मुहूर्तच काढला होता, त्यामुळे शेठ गुरुवारीच मशीन बघणार होते. ही बातमी वेलणकरांना तोंडाने सांगणं बाईंना कमीपणाचं वाटलं. त्यांनी ती नवव्या बटणावर घातली आणि निश्चिंत झाल्या. आता कळल्यावर वेलणकर घाबरून सगळं पुसतील, असा त्यांचा हिशेब. आठव्या बटणावरचा टोमणा वेलणकरांना इतका लागला होता, की बाईंचं यापुढे काही ऐकायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नववं बटण त्यांनी दाबलंच नाही.

गुरुवारी शेठ आत आले आणि वेलणकर चहाची बशी तशीच ठेवून उठले.

"शनिवारी येणार होतात ना?" ते पुटपुटले.

"बाईंना सांगितलेलं की," शेठ म्हणाले. "आणि हा बघा, येताना खोपटवरून भिवाजीला उचललंय. याला जमलं तर सगळ्यांना जमलं."

भिवाजी खोपटच्या एसटी डेपोत टेलिफोनचं बूथ चालवायचे. दिसत नसलं तरी नंबर फिरवताना त्यांचं बोट कधी चुकायचं नाही. संध्याकाळी, वेलणकर आणि बाई घरी गेल्यावर, ते वाचनालयात कॅसेट ऐकायला येत. दोघांची त्यांच्याशी ओळख मान हलवण्यापुरती होती, आणि ती मान भिवाजींना दिसत नव्हती.

"वीज गेली तर बरं होईल," बाई हळूच म्हणाल्या. वेलणकरांना पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पटलं.

वीज गेली नाही. भिवाजींनी पहिलं बटण दाबलं. वेलणकरांचं 'एकट्याने' खोलीभर घुमलं. दुसरं, तिसरं, चौथं. शेठ चहाचा कप घेऊन आधी मशीनकडे बघत होते, मग दोघांकडे बघू लागले. भिवाजी एकही बटण सोडत नव्हते.

"पुरे, पुढे तेच ते आहे," वेलणकर म्हणाले.

"असू दे, मना नीट बघू द्या," म्हणत भिवाजींनी नववं दाबलं.

"वेलणकर, शेठ गुरुवारी येणार आहेत. त्यांना मशीनमधलं काही कळत नाही, चहा मात्र कळतो. साखर आणून ठेवा."

शेठनी कप खाली ठेवला. बाईंनी पदराने तोंड पुसलं. पार्लरचे आरसे कुठल्या भिंतीला लागतील, हेसुद्धा वेलणकरांना दिसू लागलं.

दहावं बटण दोघांनीही वापरलं नव्हतं. भिवाजींनी ते जरा थांबून, चवीने दाबलं. आतून भिवाजींचाच आवाज आला.

"तुमचं दोघांचं झालं असंल तर माझं ऐका. आंधल्यांसाठी मशीन बनवताय, नि एका आंधल्याला इचारलं नाय. रोज सांजचे बटणं दाबून तुमचं भांडण ऐकतोय मी, कोपऱ्यातलं पण सापडलं. दोघांची नावं हायेत, माझं कुठंच नाय. चुकून काय दाबलं तर मागं कसं फिरायचं, ते बटणच नाय. बाय इतक्या हलू वाचतात, का एका पानात माझी बस जाते. नि साहेब बोलतात ते कोणालाच कलत नाय."

मग शेठ हसू लागले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले.

"खोली राहू दे," ते म्हणाले. "सून घरातच पार्लर काढील. पण मशीनमध्ये आवाज याचाच घाला. काय स्पष्ट बोलतो, एक अक्षर वाया जात नाही."

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात पुन्हा बातमी आली. मथळा होता, 'भिवाजींचा बोलका संगणक'. फोटोत भिवाजी टोपी तिरपी करून बसले होते. वेलणकरांनी कात्रण टेबलावर ठेवलं आणि खुर्ची बाईंच्या बाजूला सरकवली.

"वाचलंत?"

"वाचलं. दहा वाक्यं बोलला नाही, तर फोटो."

"तुमचा आवाज खरं तर छान होता हो."

"आणि मेहनत सगळी तुमची," बाई म्हणाल्या. "ते मागे फिरायचं बटण आजच करून टाकू. उद्या त्याला नावं ठेवायला जागा नको."

दोघं दुपारभर एकमेकांना विचारत, सांगत बसले. सहा महिन्यांत झालं नव्हतं एवढं काम त्या दुपारी झालं.

संध्याकाळी भिवाजी आले, त्यांनी नवीन बटण शोधून दाबलं. मशीन मागे फिरलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सवयीने त्याच्या शेजारचंही दाबून बघितलं. आतून वेलणकर आणि मंदाकिनीबाई एका सुरात म्हणाले, "भिवाजी, टोपी सरळ करा."