जळोचीतली वाफ

श्रेया आईबरोबर सुट्टीला जळोचीला, आजोबा दत्तोबांकडं आली आणि चौथ्याच दिवशी तिचा घोळणा फुटला. बाहेर एप्रिलचं ऊन, आत सगळ्या बंगल्याला मिळून एकच मोठा एसी. हवा पार कोरडीठाक. पुण्याहून त्यांच्या मुलानं, युवराजनं लगेच अख्ख्या घराला वाफ पुरवणारं मशीन धाडलं. सून सोनलनं मात्र सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, "आबा, शुक्रवारपर्यंत बघते. परत रक्त आलं तर श्रेयाला घेऊन पुण्याला जाते."

नात दीड महिना राहणार म्हणून दत्तोबांनी अंगणात झोका बांधला होता. पण वाफ म्हटल्यावर त्यांना धीरही आला. साखर कारखान्याच्या बॉयलरवर त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. नुसत्या आवाजावरून ते प्रेशर सांगत आणि काटा त्यांना खोटं पाडत नसे. असा माणूस घरात असताना काळजी कसली?

फिटर बोरची नळी मशीनला जोडून गेला, ती बघून दत्तोबा हादरले. "बोरचं पाणी? आरं, क्षाराचा थर धरंल. म्हैन्यात मशीन बाद."

बॉयलरला शुद्ध पाणी, हा त्यांचा धर्म. त्यांनी बोरची नळी काढली, माळ्यावर फिल्टरच्या पाण्याचे चार जार चढवले आणि ते मशीनला जोडले.

"प्यायला एक जार ठिवा," त्यांच्या पत्नी छबूबाई म्हणाल्या.

"तू माठातलं पी. मशीनला बोरचं सोसायचं न्हाय."

मशीनचा दिवा लागला, वाफ काही येईना. दत्तोबांनी ओलाव्याचा आकडा चाळीसवरून नव्वदवर नेला. दोन दिवस ते एसीच्या जाळीपाशी खुर्ची टाकून वाफेची वाट बघत बसले. बुधवारी सकाळी श्रेयाचा घोळणा पुन्हा फुटला आणि सोनलनं उद्याची गाडी सांगितली.

आता दत्तोबांनी जुना मार्ग धरला. श्रेयाच्या खोलीत उकळत्या पाण्याची पातेली मांडली, दार लावलं आणि दिवसभर खेपा घातल्या. भिंती घामेजल्या, कपाटावरचे छबूबाईंचे पापड मऊ पडले. गुरुवारी सोनल बॅग भरायला गेली, तर फुगलेलं लाकडी कपाट उघडेना. सगळे कपडे आत. सुतार म्हणाला, शनिवारी येतो.

"मग शनिवारी जाऊ," सोनल म्हणाली आणि तिनंच मशीनवाल्यांना फोन लावला.

त्यांची मेकॅनिक, लासुर्णे गावची निकिता, दुपारी आली. हातात पेटी, बोलणं मोजकं. तिनं माळ्यावरचे जार बघितले.

"आबा, हे कुणी जोडलं?"

"मी. बॉयलरला शुद्धच पाणी लागतं."

"बॉयलरखाली जाळ असतो. ह्याच्यात पाण्यातनंच करंट जातो. क्षार न्हाय तर करंट न्हाय, आन् मग पाणी उकळंल कसं?"

दत्तोबा खाली बसले. तेहतीस वर्षं ज्या क्षाराशी वैर धरलं, त्याच्याच जिवावर हे चालतं, हे पचायला वेळ लागला. पण माणूस मोठ्या मनाचा. लाजेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं. "कुणी काढलं आसंल हे डोकं," ते म्हणाले आणि उठून स्वतः बोरची नळी आणून दिली.

निकितानं आकडा पंचेचाळीसवर ठेवला. अर्ध्या तासात आतून बारीक खदखद ऐकू आली. दत्तोबांनी कान लावला. "लागली की उकळी. पण वाफ कुठंय?"

"दिसत न्हाय. वाऱ्यात मिसळून घरभर जाती. दिसली तर मला फोन करा. काचंला घाम आला की आकडा कमी करायचा. आन् आतलं भांडं वर्षाला बदलायचं. थर त्यात बसणारच."

"घासून दिलं तर?"

"तुमच्यासारखं कुणी घासलं, तर दोन वर्षंबी जाईल," निकिता पहिल्यांदा हसून म्हणाली.

शुक्रवार कोरडा गेला नाही आणि श्रेयाचा घोळणाही फुटला नाही. शनिवारी सुतारानं कपाट उघडून दिलं. सोनलनं आतले कपडे बघितले, पुन्हा दार लावलं आणि युवराजला फोन केला. "आम्ही दोघी इथंच राहतोय. माझाही घसा इथं बरा आहे. तुम्ही डबा लावा."

थोड्या वेळानं तिनं फोन सासऱ्यांपुढं धरला. "आबा, हे विचारतायत, असलंच मशीन पुण्याच्या घरी बसवलं तर?"

दत्तोबांनी झोक्यावरच्या नातीकडं बघत फोन कानाला लावला.

"न्हाय चालायचं," ते गंभीरपणे म्हणाले. "तुमच्या पुण्याच्या पाण्यात क्षारच न्हायत."