मदरबोर्ड, रॅम आणि नव्वद सेकंद

"रविवारी तीन वाजता मशीन उघडतो, साडेतीनला चालू करतो, आणि चार वाजता सगळ्यांना चहा मी करून देतो!"

चिन्मय वैजापूरकरनं जेवणाच्या टेबलावर ही घोषणा केली तेव्हा घरातल्या मंडळींनी फक्त चहाचा भाग मनावर घेतला. बाकीचं त्यांनी गेला आठवडाभर रोज ऐकलं होतं.

चिन्मय पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेला मुलगा. कुठलीही वस्तू विकत घ्यायची म्हटली, की आधी ती मुळापासून समजून घ्यायची, हा त्याचा स्वभाव. घरात नवा मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा त्यानं पात्यांच्या कोनांचा अभ्यास करण्यात पाच आठवडे घालवले. तेवढे दिवस त्याची आई, सरोजिनीबाई, चटणी वाटायला शेजारी जात होत्या. शेवटी शेजारणीनंच आपला जुना मिक्सर देऊन टाकला!

या वेळी मात्र घाई होती. चिन्मय ज्या टीममधून कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, ती टीम स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोचली होती. सामना रविवारी संध्याकाळी सहाला. टीममध्ये तिघं. कप्तान तनुजा, शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासून पास-नापास करणारी. दुसरा फुलंब्रीचा ऋतुराज, चिन्मयचा कॉलेजातला दोस्त. आणि तिसरा चिन्मय, जो मागच्या तिन्ही सामन्यांत पहिल्याच मिनिटाला बाद झाला होता. तिन्ही वेळा त्याचं कारण एकच. "हँग झालं गं!"

तनुजानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं कारखान्यात वापरते तो आवाज काढला. "चिन्मय, रविवारी परत हँग झालं तर सिल्लोडचा अभय सांडू तयार बसलाय. त्याचं मशीन जुनं आहे, पण हँग होत नाही."

माल नापास व्हायची वेळ आली होती. चिन्मयनं निदान केलं. प्रोसेसर त्यानं दिवाळीतच नवा घेऊन ठेवला होता, पण तो जुन्या मदरबोर्डवर बसत नव्हता. म्हणजे नवा मदरबोर्ड आणि नवी रॅम. त्यानं तक्ता मांडला. तेवीस मदरबोर्ड, एकोणीस रॅम, प्रत्येकापुढे चौदा रकाने!

"रॅम म्हणजे नेमकं काय रे?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आई, डिस्क म्हणजे फ्रिज. सगळं त्यात साठवलेलं असतं. रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे करायचंय ते ओट्यावर काढून ठेवायचं."

"मग बरोबर आहे. फ्रिज कितीही मोठा असू दे, ओटा अरुंद असला की बाई चिडते."

संगणकशास्त्रातली इतकी नेमकी व्याख्या चिन्मयला पाठ्यपुस्तकातही मिळाली नव्हती. त्यानं ती लगेच वहीत लिहून घेतली.

त्यालाही एक शोध लागला होता, आणि तो घरादाराला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. त्यानं निवडलेल्या रॅमला मागितलेली माहिती काढून द्यायला दहा नॅनोसेकंद लागायचे. "तेवढ्या वेळात प्रकाश फक्त तीन मीटर जातो! म्हणजे बाबा, सोफ्यापासून फ्रिजपर्यंत!"

त्याचे बाबा अनंतराव जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी पेपर खाली केला. "मग प्रकाशाला सांग, येताना पाण्याची बाटली घेऊन ये."

पैठण गेटजवळच्या मुजीबभाईंच्या दुकानात चिन्मयच्या चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मुजीबभाईंनी हात जोडले. "मियाँ, तुम बोर्ड खरीदने कू आए के बोर्ड का रिश्ता करने कू? इत्ती पूछताछ तो मैं अपनी बेटी के वास्ते नै करा!"

सोबत आलेल्या ऋतुराजला रॅमवर रंगीत दिवे पाहिजे होते. "लाइटवाली घे ना! लई भारी दिसती. आमच्या गावात गणपतीला ठेवता येईल."

"दिव्यांनी गती वाढत नाही."

"पण मजा येती ना!"

चिन्मयनं दिवे नसलेली घेतली. सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या.

रविवार उजाडला. दुपारी तीनला हॉलच्या मधोमध टेबल आलं. ऋतुराज आपला लॅपटॉप घेऊन फुलंब्रीहून हजर झाला. धाकटी बहीण स्वराली मोबाइल धरून शूटिंगला उभी राहिली. चिन्मयनं मनगटाला वायर बांधून तिचं दुसरं टोक पंख्याच्या पितळी स्टँडला जोडलं. अंगातली स्थिर वीज बोर्डाला लागू नये म्हणून. अनंतरावांना वाटलं, ऋतुराजनं पोराला बांधून ठेवलंय!

बोर्डावर रॅमसाठी चार खाचा होत्या. चिन्मयनं दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवल्या.

"पहिला पाट रिकामा?" अनंतराव पुढे झाले. "ही कुठली पंगत?"

"दोनच असल्या की अशाच बसवतात, बाबा. तशी जोडणीच असते."

बरोबर साडेतीनला त्यानं बटण दाबलं. पंखे भणभणले. मदरबोर्डावर एक बारीक नारिंगी दिवा लागला. पडदा काळाच.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं. जुनं मशीन चालू व्हायला पंचेचाळीस सेकंद घ्यायचं. चिन्मयनं विचार केला, नव्याला जास्तीत जास्त दुप्पट देऊ. नव्वद सेकंद! त्यापुढे थांबणं म्हणजे अंधश्रद्धा. स्टॉपवॉचवर नव्वद झाले, पडदा काळा, त्यानं मशीन बंद केलं आणि वहीत लिहिलं, 'प्रयोग १. अपयश.'

"घाबरायचं नाही," तो म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. याला पद्धत म्हणतात."

प्रयोग दोन. पट्ट्यांची अदलाबदल केली. नव्वद सेकंद. काळा. प्रयोग तीन. एकच पट्टी. काळा. प्रयोग चार. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. काळा!

"खोडरबर आहे का घरात?" ऋतुराजनं बाह्या सरसावल्या. "आमच्याकडं रॅम चालली नाय की तिचे सोन्याचे दात खोडरबरनं घासत्यात. लगेच चालू."

"ती नवीकोरी आहे!"

"नवी असली म्हणून काय झालं? नव्या नवरीलाबी हळद लावत्यात."

स्वरालीनं आपला स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर आणून दिला. रॅम घासली. प्रयोग पाचमध्ये पडदा काळाच राहिला, पण हॉलभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. प्रयोग सहामध्ये चिन्मयला मॉनिटरचाच संशय आला. त्यानं भिंतीवरचा टीव्ही उतरवला आणि तो जोडून पाहिला. तोही काळा! फक्त आता अनंतरावांचं कीर्तन ऐन रंगात असताना बंद पडलं होतं.

"माझ्या टीव्हीचा या प्रकरणाशी संबंध काय?" अनंतरावांनी विचारलं.

"साक्षीदार म्हणून आणलाय, बाबा."

"मग त्याला जास्त वेळ उभा ठेवू नका."

मुजीबभाईंना फोन लावला. वाजत राहिला. पाच वेळा लावला, पाचही वेळा वाजत राहिला. मग दुकानाचा नंबर लावला, तिथल्या माणसानं सांगितलं, सेठ भाच्याच्या लग्नाला सिल्लोडला गेलेत.

टीव्ही परत भिंतीवर गेला, मॉनिटर परत जोडला. प्रयोग सात, भिंतीतला प्लग बदलला. प्रयोग आठ, बोर्डावरचा गोल सेल काढून परत लावला. नऊ आणि दहाच्या वेळी काय बदललं होतं ते वहीतलं अक्षर हललं असल्यामुळे आज वाचता येत नाही. चहाची वेळ उलटून गेली होती. शेवटी तो सरोजिनीबाईंनीच केला. अकराव्या प्रयोगाच्या वेळी सव्वापाच झाले होते आणि तनुजाचा फोन आला.

"झालं का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय? पडद्यावर काय दिसतंय?"

चिन्मय खोटं बोलत नसे. "मी दिसतोय. काचेत."

"पावणेसहापर्यंत वाट बघते. मग सांडूला आत घेते." फोन बंद.

चिन्मय खुर्चीत बसला. पुन्हा नारिंगी दिवा, पुन्हा भणभण. त्याला राग येत नव्हता, नवल वाटत होतं. पंखे फिरतात म्हणजे वीज आहे. दिवा लागतो म्हणजे बोर्ड जिवंत आहे. तो दिवा रॅमकडे बोट दाखवतो. आणि रॅम बदलून, फिरवून, घासून झाली! मग राहिलं काय?

"पूजा राहिली," सरोजिनीबाई म्हणाल्या.

अनंतरावांनी ताडकन मान वर केली. "म्हणजे? नवं यंत्र पूजा न करता चालू केलं? आणि अकरा वेळा?"

"बाबा, पंचवीस मिनिटं उरलीत!"

"म्हणूनच सांगतो, वादात घालवू नकोस. स्वराली, तबक आण. अगं, फुलं पाहा. चिन्मय, चालू कर ते. बंद यंत्राची पूजा करत नाहीत. आणि नियम लक्षात ठेव, दसऱ्याला शस्त्रं मांडतो तसाच. पूजेत बसलेल्या वस्तूला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही."

चिन्मयनं निमूट बटण दाबलं आणि सवयीनं स्टॉपवॉचही. पाच वाजून वीस मिनिटं.

त्याला वाटलं, हळदकुंकू, फूल, नमस्कार, झालं. पण अनंतरावांचे आजोबा वैजापुरात भिक्षुकी करायचे, आणि अनंतरावांना आयुष्यात कुठलीही फाइल अर्धवट पुढे पाठवायची सवय नव्हती. त्यांनी सोवळं नेसलं नाही एवढंच. बाकी षोडशोपचार, सोळाच्या सोळा!

आवाहन झालं. आसन झालं. नव्वद सेकंद झाले. चिन्मयचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि सरोजिनीबाईंनी त्यावर फटकन चापट मारली. "पूजेतल्या वस्तूला हात?"

"अगं, तो प्रयोग संपला!"

"ही पूजा आहे."

सहावा उपचार स्नानाचा. अनंतरावांनी पळी उचलली. चिन्मय आणि ऋतुराज एकाच वेळी किंचाळले!

"ओरडू नका. स्नानार्थे अक्षतां समर्पयामि," म्हणत अनंतरावांनी कॅबिनेटवर शांतपणे चार अक्षता टाकल्या. "विजेच्या उपकरणाला पाणी घालायला मी काय वेडा आहे?"

वस्त्र म्हणून कापूस वाहिला. जानव्याला ऋतुराजनं हलक्या आवाजात हरकत घेतली, "काका, मदरबोर्डला जानवं?" ती फेटाळली गेली. गंध, फूल. मग उदबत्ती. तिचा धूर सरळ पुढच्या जाळीतून आत ओढला गेला आणि मागच्या पंख्यातून बाहेर आला. चिन्मय सगळं विसरून खाली वाकला. "वा! हवेचा प्रवाह अगदी बरोबर बसलाय!"

"नमस्कार कर, निरीक्षण नंतर," अनंतराव म्हणाले.

निरांजन झालं. तेराव्या उपचाराला, गूळखोबऱ्याच्या नैवेद्यावर पाणी फिरत असताना, नारिंगी दिवा विझला. मॉनिटर लख्ख उजळला. स्टॉपवॉचवर आठ मिनिटं अकरा सेकंद!

स्वरालीच्या हातून मोबाइल पडला. ऋतुराज नकळत पायातल्या चपला काढायला वाकला, त्या बाहेर काढलेल्याच होत्या. सरोजिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. अनंतराव तेवढे शांत होते. त्यांनी घंटा खाली ठेवली, पंचपात्र सरकवलं आणि चिन्मयकडे असं पाहिलं, जणू पस्तीस वर्षांचा दावा आज निकाली निघाला.

तेवढ्यात फोन वाजला. मुजीबभाई. मागे बँडबाजा.

"हाँ मियाँ, बोलो. क्या हुआ?"

"रॅम चालू नव्हती होत. आता झाली. आपोआप."

"कित्ती देर रुके थे?"

"दर वेळी नव्वद सेकंद."

मुजीबभाई अतिशय मायेनं बोलले. "अरे मियाँ, नई रॅम है. बोर्ड पैली बार उस कू जांचता, पहचानता. आठ-दस मिनट तो लगतेच. बीच में बंद करे तो फिर शुरू से जांचता. तुम उस कू टैमच नै दिए!"

चिन्मयनं वहीतल्या अकरा ओळींकडे पाहिलं. अकरा वेळा बोर्ड रॅमची ओळख करून घेत होता, आणि अकरा वेळा यानं मधेच दार लावलं होतं! त्याला लाज वाटायला हवी होती, पण आधी हसू आलं. बदलत गेलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होती. न बदललेली एकच होती, ते नव्वद सेकंद.

"काय म्हणतात ते?" अनंतरावांनी विचारलं.

"म्हणतात, हात लावायचा नव्हता."

"मी वेगळं काय सांगत होतो?"

उरलेले तीन उपचार झाले. पाच छत्तीस. चिन्मयनं माऊसकडे हात नेला.

"उत्तरपूजा उद्या सकाळी," अनंतराव म्हणाले.

"बाबा!"

"नियम म्हणजे नियम."

चिन्मयचा चेहरा पाहून सरोजिनीबाई मधे पडल्या. "अहो, पोराची जागा जाईल. तुमच्या कोर्टात तातडीचे अर्ज येत नसत का?"

अनंतराव विचारात पडले. तातडीच्या अर्जाला ते नाही म्हणू शकत नसत. त्यांनी अक्षता वाहिल्या, कॅबिनेट बोटभर उत्तरेकडे सरकवलं आणि पुनरागमनाय च म्हणून टाकलं. "अंतरिम परवानगी. फक्त आजच्यापुरती."

पावणेसहाला दोन मिनिटं कमी असताना चिन्मय आत शिरला.

"आलास?" तनुजा हेडफोनमध्ये म्हणाली. "सांडूला थांबायला सांगितलंय. अजून सोडलेला नाही हं."

टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ऋतुराज लॅपटॉप उघडून बसला. मागे सोफ्यावर अख्खं घर. सहा वाजले, सामना सुरू झाला, आणि काय वर्णावं! गवताचं पातं न् पातं वेगळं हलत होतं. भिंतीवरचे पोपडे दिसत होते. कुठेही अडकणं नाही, थबकणं नाही. रॅम सोफ्यापासून फ्रिजपर्यंतच्या वेळात हुकूम तामील करत होती. चिन्मय एका दारातून आत शिरला. समोरचा शत्रू त्याला स्पष्ट दिसला. त्यानं बंदूक उचललेली स्पष्ट दिसली. नेम धरलेला स्पष्ट दिसला. गोळीसुद्धा जवळजवळ दिसली!

चिन्मय बाद. अकरावा सेकंद.

हेडफोनमध्ये तनुजाचा आवाज आला. "काय झालं? हँग?"

नाही म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. "नाही गं. एकदम मस्त चाललंय."

"मग?"

चिन्मयनं सवयीप्रमाणे पद्धतशीर विचार केला. मदरबोर्ड बदलला होता. रॅम बदलली होती. प्रोसेसर, प्लग, सेल, मॉनिटर, सगळं तपासून झालं होतं, पूजासुद्धा झाली होती. निकाल मात्र तोच आला होता. बदलायचा राहिलेला जुना भाग आता एकच होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

"तनुजा," तो म्हणाला, "सांडूला घे आत."